गाडीतला गोड वास

इंजिन थंड ठेवणारं कूलंट रोज कमी होतंय आणि गाडीखाली थेंबही नाही, तर तुम्ही कुठे शोधाल? आमच्या टॅक्सीवाल्या मावशीपुढे मेकॅनिकने अक्कल पाजळली, "गाडीला तहान लागलीय, पाजत राहा!" मावशीला ते पटेना. काचेवर आतून धुकं धरायचं, गोडसर वास यायचा. तिने पुढच्या सीटपाशी वाकून चटई उचलली. खाली हिरवं, चिकट कूलंट! हेच गरम कूलंट ज्यातून फिरतं, तो गाडीचा हीटर आतल्या आत गळत होता. तिथेच खेळणारी तिची नात त्यात बुडवलेली बोटं तोंडाकडे नेत होती. मावशीने तिचा हात पकडला.

"थुंक आधी! चाटलंस?"

"नाही गं आजी, वास घेतला नुसता."

हीटर बदलला, तरी मावशी अजून नातीची बोटं हुंगते. कूलंट गोड असतं आणि जीव घेतं. तुमच्या गाडीतली चटई आजच उचलून बघा.