चार मशीनची एक मेमरी आणि बोरसे सर

बोरसे सर कुठलाही प्रबंध शेवटच्या पानापासून वाचायचे. पुढची पानं त्यांच्या मते लग्नपत्रिका, नुसती नावंच नावं. शेवटी आकड्यांचा तक्ता दिसला नाही की प्रबंध टेबलावरून सरकवून द्यायचे. "ने. देव्हाऱ्यात ठेव."

सुरतच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नव्वदीच्या मध्याला चार कॉम्प्युटर एका केबलने जोडले आणि त्या खटल्याला आम्ही ऐटीत 'क्लस्टर' म्हणायला लागलो. मी तिथे हंगामी लेक्चरर. एम.ई. झाली तरच नोकरी पक्की होणार होती. विषय विभागप्रमुखांनी गळ्यात मारला: चारही मशीनना एकच सामायिक मेमरी आहे असं भासवायचं. मेमरी खरं तर ज्याची त्याच्याकडे. ज्याला मेमरीचं जे पान, म्हणजे जो तुकडा लागेल, तो त्याने केबलवरून मागवायचा. प्रमुखांना त्यातलं फक्त नाव आवडलं होतं. पुढचं त्यांना विचारायची सोय नव्हती.

मार्गदर्शक बोरसे सर. सुरतच्याच डिंडोलीतल्या खान्देशी लूम कामगाराचा मुलगा; चिडले की अहिराणीवर यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "एका मशीनला दुसऱ्याकडून काय हवंय त्याचा सरळ निरोप धाड. हे एकत्र कुटुंबाचं सोंग कशाला?"

"सोंगामुळे प्रोग्रॅम लिहायला सोपा जातो, सर."

"लिहायला. आणि चालायला?"

चालायची बोंबच होती. चार मशीन मिळून एकट्या मशीनपेक्षा हळू. सर मागे येऊन उभे राहायचे. "तुन्हं मशीन काम नही करस, नुस्तं वाट पाहस."

कारण सापडलं ते हजेरीच्या रजिस्टरात. आमच्या विभागात चार बॅचना मिळून एकच रजिस्टर, आणि चारही बॅचची नावं एकाच पानावर. असला शहाणपणा आमच्याच कॉलेजात. कुणी कुणाच्या ओळीला हात लावायचं नाही, तरी चौघे शिक्षक त्या पानासाठी खोळंबलेले. मागायला जावं तर शिपाई रमणभाई म्हणायचे, "बेन, रजिस्टर तो उपर गयुं." एके दिवशी अशीच ताटकळत असताना डोक्यात उजेड पडला. चार मशीनच्या बेरजांचे चार आकडे मीही काटकसर करून मेमरीच्या एकाच पानावर ठेवले होते. लिहायचा ज्याला त्याला आपापलाच आकडा, पण पान एक, म्हणून ते केबलवर येरझारा घालत बसलं होतं. प्रत्येकाला वेगळं पान दिलं आणि चौघांनी मिळून एकट्या मशीनला मागे टाकलं.

मी नाचत सरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला. "म्हणजे वेगळं काढलं तेव्हा चाललं. मग सामायिक काय राहिलं, कपाळ?"

मला संताप आला.

प्रबंध बांधणीला देताना हळू धावल्याचे आधीचे आकडे मी गुपचूप गाळले. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक खूश, प्रमुख चहा सांगायला उठलेले. तेवढ्यात सरांनी, माझ्याच मार्गदर्शकांनी, प्रबंध मागून उघडला.

"पहिले आकडे कुठेत?"

"कपाटात."

"आण."

आणले. परीक्षकांनी प्रबंध परत केला. नोकरी सहा महिने लटकली. बाहेर आल्यावर मी त्यांना तोंडावर म्हणाले, "सर, तुम्ही माझं वाटोळं केलंत."

ते शांतपणे म्हणाले, "माझ्या प्रबंधातलं असलंच पान मी फाडलं होतं. पहिला आलो. तेव्हापासून कुणाचाही प्रबंध हातात घेतला की आधी ते पान शोधतो."

मी ते आकडे घालून प्रबंध पुन्हा लिहिला. सगळे नुसतं वाचत असतील तर सामायिक मेमरी ठीक, सगळे लिहीत असतील तर नुसता खोळंबा, एवढंच त्यातून निघालं. पास झाले, नोकरी पक्की झाली. सरांनी एका शब्दाने कौतुक केलं नाही. पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले.

आता प्रबंध माझ्या टेबलावर येतात. मी ते शेवटच्या पानापासून वाचते. मुलं मागे शिव्या घालतात. घालू देत.