वाळवंटातला दसरा

“लोखंडापुढं खोटं बोलू नये, जोड सुटतो.” बार्शीकडचे आबासाहेब वेल्डर हे इतक्या वेळा म्हणायचे की कतारच्या कॅम्पात त्यांनी तोंड उघडलं की दुसराच कुणीतरी वाक्य पुरं करायचा.

विश्वचषकासाठी उठत असलेल्या एका स्टेडियमच्या छपरावर ते जोड मारत. पण साइटच्या फाटकावरच फोन काढून घेत, म्हणून फोटो असा एकही नव्हता. त्यांचे मेहुणे अनंतराव चारचौघांत म्हणायचे, “कसलं स्टेडियम? दाजी तिकडं ताटं विसळत असतील.” आबासाहेब ते हसण्यावारी न्यायचे. त्यांच्या बायकोला, शालूला, मात्र ते जिव्हारी लागायचं. ‘एक फोटो तेवढा धाडा,’ एवढंच तिचं मागणं.

त्या साली दसरा शुक्रवारी, सुट्टीच्या वारी आला. मालेगावचा जहूर ड्रायव्हर गाडी घेऊन दारात.

“आबा, यल्ला, चला! वाळवंटात कुणा कलाकारानं पोलादाची चार धुडं उभी केलीत. तिथं उभे राहा, भाभीला दाखवा, सांगा मीच केलं. कोण येतंय तपासायला?”

आबासाहेबांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, “चल.”

वाटेत अल मन्सूराच्या बाजारात झेंडूचा हार घेतला. पिशवीत त्यांची हातोडी होती. दसऱ्याला हत्याराला हार घातल्याशिवाय त्यांना घास जात नसे.

डांबर संपलं, नुसती चाकोरी उरली. दोन्हीकडं पांढुरक्या मातीचे कडे आणि मधोमध, लांब लांब अंतरावर, आभाळात गेलेले चार पत्रे. रंग जुन्या गुळाच्या ढेपेसारखा.

“हे कशाला रे?”

“बघायला.”

“नुसतं बघायला?”

“मग, ताजमहाल काय दळण दळायला बांधलाय?”

आबासाहेबांनी पहिल्या पत्र्याला फेरी घातली. वारा त्याच्या कडेला घासून सुस्कारत होता. त्यांना ते आवडलं. का, ते सांगता आलं नसतं. पायथ्याशी हातोडी ठेवून त्यांनी हार घातला, कुंकू लावलं. तेच बोट पत्र्याकडं गेलं आणि माघारी आलं. दुसऱ्याच्या कामाला आपलं बोट नको.

जहूरनं व्हिडिओ कॉल लावून दिला. शालू सणाला माहेरी आलेली. तिच्या खांद्यावरून अनंतराव डोकावत होते.

“अगं बाई! अहो, हे तुमी केलंत?”

फोनमागून जहूर मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. आबासाहेबांनी हाराखालच्या हातोडीकडं पाहिलं.

“नाही गं. हे दुसऱ्याचं हाय. माझं काम छपरात. तिथं फोन नेऊ देत नाहीत.”

“बघ!” अनंतराव खिदळले. “कबूल झाले!”

शालूनं भावाकडं मान वळवली.

“दादा, ज्याला थापाच मारायच्या, तो एवढं आयतं धूड सोडंल व्हय? हो म्हणाले असते, तर तू काय कतारला जाणार हुतास?”

अनंतराव फोनजवळ सरकले. “दाजी... सोनं घ्या.”

“सोन्यासारखं राहा,” आबासाहेब म्हणाले. फोन जहूरकडं देऊन त्यांनी हातोडी हारासकट उचलली. “पुढचा पत्रा बघून येतो.”

ते चालू लागले. जहूरनं फोन त्यांच्या पाठीकडं धरून ठेवला. तिकडं माहेरच्या ओसरीत शालू बघत राहिली, माणूस लहान होत गेला, झेंडूचा पिवळा ठिपका तेवढा दिसत राहिला. आणि तिच्या खांद्यावरून अनंतरावही.