झाकणाखालची शेजारीण

दाराचा एवढा मान राखणारा माणूस भिलाईत दुसरा झाला नाही. आमच्या शेजारचे काका स्टील प्लांटात फिटर होते. सिविक सेंटरच्या बाजारात एखादं शटर कुरकुरलं तर यांचे दात इकडे सेक्टरात शिवशिवायचे आणि हे तेलाची बुधली घेऊन निघायचे. अशा माणसाला स्वतःच्याच अंगणात, पेरूखाली, रुपयाएवढं मातीचं झाकण सापडलं. रेशमी बिजागरीचं, आणि आत राहणारी एक काळी, आठ पायांची कोळीण. "पुरी सर्विस झाली, पन असं फिटिंग नाई पाहिलं," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून घराचा कायदा बदलला. काकू सडा टाकायच्या तो झाकणाभोवती कोरडं रिंगण सोडून. पाहुण्यांना फाटकातच हुकूम व्हायचा, "चपला काढून ये बावा, तिले पायाचा हादरा समजते." माझे वजनदार मेहुणे तर तीन वर्षं फाटकाबाहेरूनच चहा पिऊन गेले.

मग काका रिटायर झाले. प्लांटचं क्वार्टर सोडायचं, वैशाली नगरात घर तयार. सामानाआधी काकांनी वीतभर खोल ढेकूळ झाकणासकट काढलं, घमेल्यात ठेवलं आणि मांडीवर घेऊन ऑटोत बसले. "धीरे चला भाई, अंदर लेडीज है." मागून शेगडी सांभाळत काकू म्हणाल्या, "मंग मी कोन हाओ?"

तिकडे नव्या अंगणात ढेकूळ पुरलं, पण दोन महिने झाकण उघडलं नाही. काका रोज उकिडवे बसून वाट पाहत. "मी मारलं तिले," एवढंच म्हणत. त्यांच्या नव्या घराचं फाटक गल्लीभर किंचाळत होतं आणि त्याला तेल घालायचं त्यांना सुचत नव्हतं, तेव्हा मी खरा घाबरलो.

एका सकाळी जुन्या अंगणात डोकावलो, तर काकांनी खणलेल्या खड्ड्याच्या तळाशी नवं कोरं झाकण. फोन केला. काका आले, चपला काढल्या, झाडूच्या काडीनं हळूच कड उचलायला गेले. आतून कुणीतरी झाकण गच्च ओढून धरलं.

काकांनी काडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बीळ खोल होतं. मी तं वरचा मजलाच घेऊन गेलो." घमेलं आणू का विचारलं, तर मान हलवली. "रिटायर मी झालो. तिनं कावून क्वार्टर सोडावं?"

त्याच संध्याकाळी वैशाली नगरचं फाटक गप्प झालं. हल्ली क्वार्टरात नवे लोक आलेत. दर रविवारी एक म्हातारा अनवाणी येऊन पेरूखाली बसतो. परवा नव्या वहिनींनी विचारलं, "हे कोणाकडे येतात हो?" मी झाकण दाखवायला गेलो, तर सडा त्यांनी त्याच्याभोवती रिंगण सोडूनच टाकला होता.