पुढची चाकं सुटी केली तेव्हा

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात माझ्या मेहुण्याने एका चालत्या जीपचा पुढचा आख काढून टाकला आणि त्या जागी भंगारात गेलेल्या मोटारीची पुढची बाजू बसवली. केडगावला त्याचं छोटं गॅरेज होतं. हे काम अर्धं वर्ष चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात नोकरीला. मोजल्याशिवाय मी कशालाच चांगलं म्हणत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून गाडी पुरी होईपर्यंत त्याने मला सांगितलं नसावं.

पुरी झाली त्या संध्याकाळी तो थेट आमच्या स्वयंपाकघरात आला. पोळ्या चालल्या होत्या. त्याने बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातलं लाटणं घेतलं आणि आडवं धरलं. जीपची पुढची दोन्ही चाकं अशी एका दांड्याच्या दोन टोकांना असतात, म्हणाला, बैलगाडीच्या आखासारखी. मग त्याने एक टोक उचललं. डावं चाक दगडावर चढलं की अख्खा दांडा तिरपा आणि वर बसलेला माणूसही तिरपा. लाटणं ठेवून त्याने दोन हातांत दोन चमचे घेतले. मोटारीची पुढची चाकं अशी सुटी असतात, प्रत्येकाची स्प्रिंग वेगळी. डावं चढलं तर उजव्याला खबर नाही. बोलता बोलता त्याने एक चमचा कणकेत पाडला. बायकोने लाटणं परत घेतलं आणि आधी पोळ्या होऊ दे म्हणाली.

मी विचारलं, मग सगळ्या जीप अशाच का करत नाहीत? त्याने खरं ते सांगितलं. अखंड आख दणकट असतो, आणि जीपमध्ये इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही मिळते. आपल्या गाडीत ती गेली. ओढायचं ते मागच्या दोन चाकांनीच.

गाडीला गिऱ्हाईकही होतं. खर्ड्याच्या अलीकडे एका बागायतदाराची वस्ती होती. त्याच्या आईला सगळे आक्का म्हणत. दोन वर्षांपूर्वी आक्काचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, काठी टेकत ती अंगणात हिंडायची, पण वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची तीन किलोमीटरची गाडीवाट तिला सोसत नव्हती. मुलाची जीप होती, अखंड आखाची. तिच्यात बसून आक्का दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून कण्हत परत आली. आता नातीचं लग्न श्रीरामपूरला ठरलं होतं आणि महिन्यावर आलं होतं. आक्का म्हणत होती मी जाणार, मुलगा विचारत होता कशी जाणार. मेहुण्याच्या गाडीची गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि त्याने निरोप धाडला: आणून दाखवा, आई डांबरीपर्यंत धड पोचली तर गाडी घेऊ, नाही तर रामराम.

मेहुण्याला मी बरोबर हवा होतो. निघताना बायको मला म्हणाली, "तिथं तपासनीस म्हणून जाऊ नका, त्याचे दाजी म्हणून जा." मी दोन्ही म्हणून गेलो. टेप खिशात घातली.

डांबरी सडकेवर गाडी अशी चालली की मी मनातल्या मनात मेहुण्याची माफी मागितली. वस्तीवर पोचलो तेव्हा आक्का लिंबाखाली बाजेवर बसली होती. बारीक अंगाची, पण नजर धारदार. मुलगा धिप्पाड, चाळिशीचा. त्याने आमच्या गाडीखाली वाकून पाहिलं, दोन्ही चाकांना हात लावला आणि ही काय शहरातली बाई आणलीत, असं काहीसं पुटपुटला.

आक्काला बसवण्याआधी रिकाम्या गाड्या चालवून बघू, असं मी सुचवलं. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या सीटवर गळ्यापर्यंत भरलेला एकेक तांब्या गोधडीत रोवून ठेवला. वस्तीजवळचा अर्धा किलोमीटर सगळ्यात वाईट होता. वर्षानुवर्षं बैलगाड्या जाऊन वाटेत दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधोमध कडक मातीचा उंचवटा राहिला होता.

आधी मुलाची जीप गेली. आखासकट डुलत, आपटत, पण कुठे न अडता गेली आणि आली. तांब्यात तळाला घोटभर पाणी उरलं होतं. मग आमची निघाली. दगड आला की एकच चाक वर जायचं आणि गाडीचं अंग जागच्या जागी. मी मागे बसून तांब्याकडे पाहत होतो. पाणी काठाशी येई आणि परत फिरे. मेहुणा खुशीत शीळ घालायला लागला. तेवढ्यात चाकोरी खोल झाली, पुढच्या स्प्रिंगा दबल्या, आणि गाडी मधल्या उंचवट्यावर पोट टेकून थांबली. मागचं एक चाक हवेत फिरत होतं.

मुलगा सावकाश चालत आला. "पाव्हनं, गाडी बसली का झोपली?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याच्या जीपचं चाक दगडावर चढलं की आखही त्याच्याबरोबर वर उचलला जायचा. आमच्या गाडीत चाक वर जायचं आणि पोट खाली यायचं. त्याने दोर लावून आम्हाला मागे ओढलं. मेहुण्याचा चेहरा उतरला होता. मुलाने आईला सांगितलं की झालं, बघितलं ना, आता लग्नाचं मनातून काढ.

आक्काने दोन्ही तांबे मागवून घेतले आणि आत पाहिलं. आमचा जवळजवळ भरलेला होता.

"गाडीचं प्वाट टेकलं तर तुमी उतरून ढकलाल," ती मुलाला म्हणाली. "माजं हाड टेकलं तर कोन ढकलनार हाय? मी हिच्यातच बसनार."

पण गाडी उंचवट्यावर अडकणार होती, ती तर अडकणारच होती. मला दुसरं काही सुचेना, म्हणून टेप काढून मी वाटेत उकिडवा बसलो. दोन चाकोऱ्यांमधलं अंतर साठ इंच निघालं. आमच्या दोन चाकांमधलं चौपन्न. म्हणजे दोन्ही चाकं चाकोरीत बसणंच शक्य नव्हतं. एक तळाला जायचं, दुसरं उंचवट्याच्या उतारावर, आणि पोट बरोबर मातीवर. मग चाकोरीत जायचंच कशाला? एक चाक उंचवट्याच्या माथ्यावर ठेवलं आणि दुसरं चाकोरीच्या बाहेर, तर चाकोरी गाडीच्या पोटाखाली येणार होती. जिथे माती लागत होती तिथे खड्डा मिळणार होता. त्यासाठी बाहेरच्या बाजूला अडीच फूट जमीन हवी होती. मी मोजत पुढे गेलो. एका बाभळीच्या कुंपणापाशी सोडून सगळीकडे ती होती.

मुलाने मान हलवली. तसं त्याने करून पाहिलं होतं. बाहेरची जमीन ढेकळांची आणि धोंड्यांची, दोन्ही बाजूंची उंची कधी सारखी नाही, जीप नुसती झोके खाते. म्हणून तर त्या भागातला प्रत्येक जण चाक चाकोरीतच घालत होता.

हे ऐकून मेहुणा एकदम उभा राहिला. "अहो, त्याच्यासाठीच तर सुटी केलीत चाकं!" मग तो माझ्याकडे वळला. "दाजी, तुमी फक्त म्होरं चाला."

गड्यांनी बाभळीचे काटे मागे सारले. आक्काला पुढच्या सीटवर गोधडी घालून बसवलं. मी गाडीपुढे उलटा चालत, दोन्ही हातांनी खुणा करत निघालो. डावं चाक उंचवट्यावर, उजवं ढेकळांत. उजवं वीतभर खाली जायचं, धोंड्यावर चढायचं, पुन्हा उतरायचं, आणि आक्काचं डोकं पदराखाली हलत नव्हतं. तपासनीस म्हणून इतकी वर्षं काढली, पण तराजूच्या काट्याकडे असा डोळा लावून कधी उभा राहिलो नव्हतो. जिथे पोट टेकलं होतं ती जागा आली आणि गाडी तिच्यावरून न घासता निघून गेली. मागून जीपमध्ये येणाऱ्या मुलाने हॉर्न वाजवला. तो चिडून वाजवला की आनंदाने, मला कळलं नाही.

चाकोऱ्या संपल्यावर मी गाडीत मागे बसलो. पुढे ओढा लागला. पाणी घोट्याएवढं, पण तळाला वाळू. मेहुण्याने वेग न सोडता गाडी घातली आणि पलीकडच्या काठाच्या चार हात अलीकडे मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आक्काने खिडकीतून मागे पाहिलं, मुलाला बोट दाखवलं आणि म्हणाली, "उतर."

तो उतरला. जीपमधले दोन गडी उतरले, मीही उतरलो. धोतर खोचून त्याने खांदा लावला, आणि तो खांदा खरोखर मोठा होता. वाळूचा फवारा आमच्या अंगावर आला, गाडी हिसका देऊन काठावर चढली. धापा टाकत तो माझ्याकडे पाहून हसला. जीप असती तर ढकलावं लागलं नसतं, म्हणाला. मी म्हटलं, खरं आहे. मग तोच म्हणाला की पण आई इथवर आली नसती.

डांबरी सडकेला लागल्यावर मेहुण्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मुलाने खिडकीशी येऊन विचारलं, दुखलं का कुठं? आक्का समोर सडकेकडे पाहत होती. एक एसटी भरधाव निघून गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आक्काची नजर तिच्यावर होती.

"दुखतंय तेवढं बाजंवर बसूनबी दुखतं," ती म्हणाली. "ती गाडी खर्ड्याला चालली व्हय रं?"

मुलाने होय म्हटलं, आणि आता मागे फिरू, ऊन होईल, असंही म्हटलं. आक्काने मान हलवली. दोन वर्षांत खर्ड्याचा बाजार बघितला नाही, म्हणाली, आणि नातीच्या बांगड्या दुसऱ्या कोणी निवडल्या तर त्या तिला आवडायच्या नाहीत. मग तिने मेहुण्याच्या हातावर हात ठेवला.

"ए पोरा, लाव मशीन. मागं काय हाय बगायला?"

मेहुण्याने आक्काच्या मुलाकडे पाहिलं. मुलाने तोंडावरची वाळू पुसली, जीप गड्याच्या हवाली केली आणि आमच्या गाडीत मागे, माझ्या शेजारी येऊन बसला.