कापडाला दिलेली सुट्टी

पोहण्याच्या कपड्याची किंमत ऐकली की भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. वीतभर कापड आणि एवढे पैसे? अहो, पण ते कापड काय पडद्याचं आहे का! चारी बाजूंनी ताणलं गेलं पाहिजे, औषध टाकलेल्या पाण्यात टिकलं पाहिजे. शिवाय त्याचे भारी नखरे. तागा उलगडला की दिवसभर टेबलावर नुसतं पडू द्यायचं. गुंडाळताना ताणलेलं कापड हळूहळू आखडतं, मग त्याला कात्री लावायची. त्या लोळण्याचेही पैसे गिऱ्हाइकाच्याच माथी.

असे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात हे एकट्या कटिंगमास्तरला ठाऊक होतं. मालकाला कापडातलं ओ की ठो कळत नसे. मास्तर कामाला पक्का, पण मालकासमोर उभा राहिला की त्याची बोबडी वळायची. भाऊ गेल्यावर त्याने वहिनीला तिथेच शिलाईला लावलं होतं, स्वतःच्या शब्दावर. तिच्या पगारावर तिच्या दोन मुलींची शाळा चालली होती.

एका बड्या दुकानदाराने भाव पाडून, वर माल लवकर मागितला. "जमेल ना?" मालकाने विचारलं. मास्तरला नाही म्हणवेना. त्याने कुणाला न सांगता तागा उलगडल्याबरोबर कापड कापायला घेतलं.

माल जसा गेला तसा परत आला. मोठ्या मापाचे कपडे मधल्या मापाच्या बाईलाही चढेनात.

"इलॅस्टिक ओढून शिवलंय," मालक कडाडला. इलॅस्टिक लावायचं काम वहिनीचं. तिने एकदा मास्तरकडे पाहिलं. तो खाली मान घालून टेप गुंडाळत राहिला. त्याच दुपारी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

रात्री तिने त्याचं ताट वाढलं. मुली पलीकडे अभ्यासाला बसल्या होत्या.

"भावजी, तुमच्या शब्दावर घेतलं होतं मला. माझ्यामुळे तुम्हाला खाली मान घालावी लागली. हात जड पडला असेल माझा, लक्षातच आलं नाही बघा."

आता तरी सांगून टाकावं, म्हणून मास्तरने तोंड उघडलं.

"जाऊ द्या वहिनी, चुकतं माणूस," तो म्हणाला. "मी काही मनात ठेवलेलं नाही."

तिने डोळे पुसले आणि त्याला आग्रहाने आणखी वाढलं.