सारामावशीच्या दारातली फेरी

नाताळ जवळ आला की सारामावशी पेटीतले बारा कप काढायची, घासूनपुसून फळीवर मांडायची आणि सव्वीस तारखेला न उष्टावलेले तसेच परत भरायची. बहात्तरच्या दुष्काळात सिल्लोड सोडून मी शहरातल्या नव्या कारखान्यात लागलो आणि छावणी नावाच्या जुन्या लष्करी वस्तीत तिच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. नळाला तीन दिवसांआड पाणी, आणि ही बाई कोरे कप विसळत बसलेली! मला ते निव्वळ खूळ वाटलं.

"कोण येणार आहे, मावशी?"

"फेरी. नाताळची गाणी म्हणत घरोघर जातेत. आपल्या दारात येत नाय, पन आली तर?"

कारण तिनंच सांगितलं, मेथी निवडता निवडता. निजामाच्या राज्यात, ती नऊ वर्षांची असताना, फेरी दारात आली आणि आडाच्या पाण्याच्या जुन्या भांडणावरून तिच्या बापानं ढोलकीवाल्याला कुऱ्हाडीनं मारलं. बाप तुरुंगातच मेला. तेव्हापासून लोकांत समज, की त्या उंबऱ्यावर वाजवली तर ढोलकी फुटते.

"ढोलकी कशाची फुटती? माणसं भेतेत," ती म्हणायची. त्यापायी तिचं लग्नही जुळलं नाही. त्यावर, "बरं झालं, एक जीव वाचला!" म्हणून खो खो हसायची. मला ते हसणं ऐकवत नसे.

शहर वाढत होतं. तिसऱ्या वर्षी फेरीत नव्या वसाहतीतली पोरं होती, जुनं काही ठाऊक नसलेली. दिवेलागणीला ती थेट आमच्या दारात आली. मावशीनं लगबगीनं चहाचं आधण ठेवलं. ढोलकीवर थाप पडणार, तोच ती बाहेर आली.

"थांबा लेकरांनो. माझ्या बापानं हितं ढोलकीवाल्याचा खून केलाय. ठावं नसंल तर आधी ऐका, मंग गा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. "येतो मावशी," म्होरक्या पुटपुटला. थोड्या वेळानं शेजारच्या दारात गाणं सुरू झालं.

मी चिडलोच. "सांगायची काय गरज होती?"

"मंग काय चोरून गानं ऐकू व्हय? मेलेल्यालाबी माय व्हती, बाबा." मला चहा देत ती हळूच म्हणाली, "सगळं ठावं असून एकानं तरी गायाला पायजे व्हतं."

सगळं ठाऊक असलेला मी तिच्यासमोरच बसलो होतो. तीन वर्षं गल्लीत ऐकून ऐकून ते गाणं मला पाठही झालं होतं. पण गायची लाज वाटली. चहा संपवून मी उठलो. पुढच्या नाताळाआधी मावशी गेली.