पुढच्या डाव्या चाकाखालचं ओलं

आधीच सांगते, मी हे चिडून लिहितेय. या ग्रुपवरचे अनुभव मी गंमत म्हणून वाचायचे आणि मनात म्हणायचे, लोकांना वेळ जास्त झालाय. भूत, संकेत, सावली... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण राग मात्र आहे, आणि तो कुठे ठेवू हे कळत नाही.

धुळ्यात देवपूर भागात माझं चष्म्याचं दुकान आहे. साक्रीच्या बाजाराच्या दिवशी मी फ्रेम्सच्या पेट्या घेऊन तिकडे जाते, एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. त्यासाठी घेतलेली एक सेकंडहॅण्ड कार आहे. गाडी मीच चालवते. घरी मी, मिस्टर आणि माझी आई.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी अंगण झाडताना गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं. तळहाताएवढा डाग. बोट लावलं — बुळबुळीत. लेन्स पुसायच्या पांढऱ्या फडक्याने टिपलं तर फिकट पिवळा डाग पडला. पाणी असं नसतं. इंजिन ऑइल काळं असतं, कूलंटला हिरवा नाहीतर गुलाबी रंग असतो. चाकाजवळ, पिवळसर आणि बुळबुळीत म्हणजे ब्रेक ऑइल. हे मला माहीत होतं, कारण माझा धाकटा भाऊ योगेश पिकअप चालवायचा आणि घरी आला की जेवताना दुसरा विषय नसायचा.

योगेश आता नाही. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे तो ड्रायव्हर होता. बऱ्हाणपूर रस्त्यावर भरलेली पिकअप पुलाच्या कठड्यावर गेली. ब्रेक लागले नाहीत, असं मागून येणारा ट्रकवाला सांगत होता. शेठने मात्र सगळीकडे सांगितलं, "पोरगा प्यायलेला असेल." माझ्या भावाने आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. पण दहाव्याला आलेले नातेवाईकसुद्धा कुजबुजत होते. असो.

मी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ, मॅक्सच्या रेघेवर. म्हटलं, थोडंसंच गळलं असेल. मार्करने खूण केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, आणि ऑइल खुणेवरच! अंगणाच्या कडेला पिवळा ऑइलपेंट मारलाय, तिथपर्यंत ओघळ गेला होता आणि तिथला रंग फुगून निघाला होता. ब्रेक ऑइलच रंग असा खातं.

"अहो, हे बघा," मी मिस्टरांना बाहेर बोलावलं.

त्यांनी वाकून पाहिलं. "पाणी असेल गं. एसीचं."

"थंडीत एसी कोण लावतं?"

"मग दाखव ना सर्व्हिस सेंटरला. मला दोंडाईचाची गाडी पकडायचीय." ते तिथे बँकेत आहेत.

हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. सुपरवायझरने गाडीकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, एसीचं पाणी आहे. लेडीजना वाटतं, ऑइल गळतंय."

माझं डोकंच फिरलं. फडकं त्याच्या टेबलावर टाकलं. "पाणी पिवळं असतं का हो तुमच्याकडे?"

मग गाडी लिफ्टवर घेतली, चाक काढलं. मी खाली उभं राहून स्वतः बघितलं. ब्रेकचं कॅलिपर, पाइप, जोड... सगळं कोरडं ठणठणीत. नुसती धूळ. जिथून गळायला हवं होतं तिथे एक थेंब नाही. सुपरवायझर हसला, मेकॅनिक हसला, आणि मी मुकाट्याने गाडी घेऊन घरी आले.

दुसऱ्या सकाळी डाग दुप्पट.

त्या दिवशी आम्हाला नवापूरला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. म्हणजे साक्रीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट उतरायचा. आई नवं लुगडं नेसून बाहेर आली आणि चाकाशी थबकली. वाकून तिने डागाला बोट लावलं.

"मनू, आज जावानं नही," ती म्हणाली.

"आई, काल तपासलीय गाडी. सगळं कोरडं होतं."

"कोरडं व्हतं, मंग हाई काय शे?"

सगळ्यांचा राग आला — आईचा, त्या सुपरवायझरचा, त्या मूर्ख डागाचा. साखरपुडा रद्द केला, फोनवर मावशीची बोलणी खाल्ली आणि अगदी हळू, हॅण्डब्रेकवर हात ठेवून गाडी पुन्हा सर्व्हिस सेंटरला नेली.

"आज माझ्यासमोर तपासायचं," मी म्हटलं. "स्टिअरिंग पूर्ण वळवा. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा. घाटात दाबतात तसा, पूर्ण ताकदीने. होत नसेल तर मी इथून हलणार नाही." आवाज इतका चढला होता की बाकीचे गिऱ्हाईकही जमा झाले.

माझी ब्याद टळावी म्हणून केलं त्यांनी. मेकॅनिक आत बसला, ब्रेक दाबला. एकदा... काही नाही. सुपरवायझर माझ्याकडे बघून मान हलवायला लागला. दुसऱ्यांदा दाबला आणि फट्‌कन आवाज झाला. पुढच्या डाव्या चाकामागचा रबरी पाइप फुटला होता. पिवळं ऑइल लिफ्टच्या खांबावर उडालं.

कोणी हसलं नाही.

पाइप कापून बघितला. बाहेरून धड, आतून पार कुजलेला. एक जोरदार ब्रेक, की संपलं. सुपरवायझर माझी नजर टाळत म्हणाला, "पण मॅडम, आत्ता फुटायच्या आधी यातून थेंबही बाहेर आलेला नाही. डबी बघा ना, भरलेली होती. घरी गळत होतं ते... ते कुठून?"

मला काय विचारतोस?

नवा पाइप टाकल्यापासून अंगण कोरडं आहे. आईने त्या जागी हळदकुंकू वाहिलं. "मना योगूनीच सांगं तुले," म्हणाली. आणि मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले. कारण मेलेला भाऊ येऊन बहिणीला वाचवतो ही गोष्ट सगळ्यांना फार गोड वाटते. मला नाही वाटत! सांगणारा कोणी होता, तर त्याला का नाही सांगितलं? तो गेला तेव्हा सगळे कुठे होते?

हा प्रश्न काही केल्या जाईना. शेवटी एके दिवशी तो फुटका पाइप पर्समध्ये टाकला आणि सरळ रावेर गाठलं. शेठ केळीच्या वखारीत होते, बाहेर ट्रक भरत होते. मी पाइप त्यांच्यासमोर ठेवला. "ब्रेक असे जातात, शेठ. दारूने नाही."

मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी पाइप उचलून उलटसुलट पाहिला.

"कुठल्या चाकाचा?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या डाव्या."

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, योगेशने मला दाखवलं होतं. पुढच्या डाव्या चाकाखाली ओलं. मी या डोळ्यांनी पाहिलं. फिटर बोलावला, चाक उघडलं... सगळं कोरडं. डबी भरलेली. पुन्हा दाखवलं त्याने, पुन्हा तसंच. मग मला वाटलं, पोरगा कामाला टाळाटाळ करतोय. मी रागावलो. म्हटलं, जायचं तर जा, नाहीतर चावी ठेव."

मी जवळच्या क्रेटवर बसले.

"आणि दारूचं?"

ते खाली बघत म्हणाले, "काहीतरी सांगावं लागतं ना, ताई, लोकांना."

मी तिथूनच आईला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "हिला सांगा. आत्ता." शेठने सांगितलं. अडखळत, पण हमालांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. योगेश प्यायलेला नव्हता. गाडी खराब होती. त्याने सांगितलं होतं. स्पीकरवर आई म्हणाली, "माले मालूम व्हतं," आणि फोन ठेवून दिला.

ते ओलं काय होतं, मला माहीत नाही. दोन मेकॅनिकना विचारलं, कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडमना फडकं दाखवलं — ब्रेक ऑइलच, म्हणाल्या. कुठून आलं, कोणी सांगू शकत नाही. इथे कोणाला कळलं तर जरूर सांगा. फक्त "भावाची माया" असं लिहू नका. माझ्या भावालाही तेच दिसलं होतं. फरक एवढाच, की गाडी माझी होती, म्हणून मी हट्टाला पेटू शकले. त्याने हट्ट धरला असता, तर नोकरी सोडून, चावी ठेवून घरी यावं लागलं असतं, आणि तो घरी आला नाही.